पेन्सिलीतल्या नोंदी

मास्तरीणबाईंनी विमानाची नोंदवही जेवणाच्या टेबलावर उघडली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. निळ्या शाईतल्या नोंदींच्या मधे मधे पेन्सिलीची नुसती गिचमिड. चौतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेल्या बाई त्या, त्यांना कसं बघवणार? एक अक्षर न वाचता, खोडरबर घेऊन त्यांनी दुपारभरात वही लख्ख केली.

विमान नवऱ्याचं, दोन जण जेमतेम मावतील एवढं. सगळे नवऱ्याला कॅप्टन म्हणत. घरी मात्र त्यांना साधी मोटार धड मागे घेता येत नसे. बाई विमानाला सवत म्हणत आणि ‘एक दिवस हीच तुम्हाला घेऊन जाणार’ असं बावीस वर्षं बजावत आल्या. कॅप्टन गेले ते घरच्या पलंगावर, झोपेत, हृदयविकाराने. दुखण्याबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. न सांगता गेले याचा तीन महिने बाईंना राग येत होता, आणि रडूही.

आता विमान, स्वतःही विमान चालवणाऱ्या दातांच्या डॉक्टरांना विकायचं ठरलं होतं. महिनाअखेरीला विमानाची शेड रिकामी करून बाई लेकीकडे राहायला जाणार होत्या. डॉक्टरांनी वही चाळली आणि हरखलेच.

"बावीस वर्षांत एक अपघात नाही, एक दुरुस्ती बाकी नाही. मग परत तपासणी कशाला करत बसायची?"

त्यांनी नोंदणी बदलायच्या अर्जावर तिथल्या तिथे सही ठोकली. उद्या सकाळी दहाला बायकोला घेऊन पहिली फेरी मारायची, हेही ठरवून टाकलं.

सकाळी नऊला मिस्त्री शेडमध्ये आले, तेव्हा बाई वही घेऊन तिथे हजर होत्या. कॅप्टनचं विमान पहिल्यापासून तेच बघत. त्यांनी वहीची चार पानं उलटली आणि मटकन स्टुलावर बसले.

"बाई, पेन्सिलीचं कुठं गेलं?"

"खोडलं. घाण दिसत होतं."

"अहो, ती कॅप्टनची पद्धत होती. बिघाड दिसला की पेन्सिलीनं लिहायचा. मी दुरुस्त केला की वरून शाई. पेन्सिल म्हणजे काम बाकी."

"किती बाकी होतं?"

"ते वहीलाच माहीत."

बाईंचं सामान बांधून झालं होतं. लेकीने खोलीला रंगसुद्धा दिला होता. क्षणभर त्यांच्या मनात आलं, गप्प बसावं. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"माझ्या टापटिपीपायी दोन माणसं मरायची का?" त्या म्हणाल्या. "काहीतरी करा."

कॅप्टन पेन्सिल दाबून लिहीत, त्यामुळे पानांवर वण राहिले होते. मिस्त्रींनी पेन्सिल आडवी धरून वरून हलकेच फिरवली, तशी अक्षरं पांढरी उमटायला लागली. उजव्या चाकाचा ब्रेक सैल. दाराची कडी निसटते. इंधनाच्या नळीला बारीक चीर.

मिस्त्रींनी कपाळ पुसलं. "ही चीर घेऊन वर गेले असते, तर खाली आणायला काही उरलं नसतं."

बाईंनी पुढचं पान उलटून त्यांच्यापुढे धरलं.

शेवटच्या पानावर मिस्त्री थांबले आणि त्यांनी वही मिटली.

"हे विमानाचं नाही."

"वाचा."

"‘पायलट. जिना चढताना छातीत कळ. दाखवून घेणे. हिला इतक्यात सांगू नये, उडणं बंद करील.’ गेले त्याच्या महिनाभर आधीची तारीख आहे."

"बंदच केलं असतं," बाई म्हणाल्या. "कान धरून बंद केलं असतं." बावीस वर्षं विमानावर डोळे वटारले आणि माणसाकडे बघायचं राहून गेलं. आणि त्याची ही एवढी एक ओळ, तीही आपण खोडली. बाईंनी पदराने डोळे टिपले, पण पाणी काही थांबेना.

बरोबर दहाला डॉक्टरांची गाडी आली. बायको गाडीजवळ थांबली आणि डॉक्टर हात चोळत पुढे आले.

"निघायचं ना?"

"नाही. नळी फुटायला आलीय. मिस्त्री दुरुस्त करतील, मग बघू." बाईंनी त्यांना खालून वर न्याहाळलं. "डॉक्टर, जिना चढताना छातीत दुखतं का हो?"

"मी दातांचा डॉक्टर आहे."

"दुखतं का, ते विचारतेय."

डॉक्टरांनी वळून गाडीकडे पाहिलं आणि अगदी जवळ आले.

"हळू बोला ना," ते म्हणाले.

बाईंनी वर्गातला आवाज काढला आणि गाडीजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरांच्या बायकोला हाक मारली.