एकतीस पाट आणि तीन जातींची खडी

पाणी अखेर समुद्रालाच मिळते, हे सृष्टीचे सनातन सत्य आहे. देवबागला मात्र एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला खाडी असल्यामुळे पाण्याला आधी निवड करावी लागते, आणि ओहोटी संपली की ते परतही येते. हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होते. हरिश्चंद्र भावजींना नव्हते, कारण ते मुंबईत तीस वर्षे ओव्हरसियर होते.

भावजी म्हणजे गुरुदासच्या थोरल्या बहिणीचे यजमान. एकसष्ट साली रिटायर झाले आणि पेन्शन व पातळी बघायची पाणसळ घेऊन श्रावणातच मेव्हण्याकडे राहायला आले. गुरुदासच्या पडवीलगत त्याची गणपतीची शाळा होती. श्रावण लागला की वाडीतले प्रत्येक घर आपापला पाट तिथे आणून टाकी आणि चतुर्थीला त्याच पाटावर बसवलेला गणपती डोक्यावरून घरी नेई. त्या साली एकतीस पाट आले होते. वडिलांच्या वेळेपासून या शाळेतून एकही पाट रिकामा गेला नव्हता. गुरुदासची इस्टेट काय ती एवढीच.

शाळेचा एक कोपरा रोज सकाळी ओला दिसे. गुरुदास त्यावर राख टाकी आणि कामाला लागे. भावजींनी ते पाहिले. कोपऱ्यात माती भिजवायच्या पाण्याचा रांजण होता, त्याला टेकून त्यांनी पायाने ओल चाचपली.

"गुरुदास, ही ओल भूगर्भातली आहे."

"वाळयेत पाणी खंय रवता?" गुरुदासची बायको सावित्री आतून चुलीला उद्देशून म्हणाली.

"तुझ्या बायकोला ग्रेडिंग म्हणजे काय ते माहीत आहे?"

"नाय," गुरुदास म्हणाला. त्यालाही माहीत नव्हते. पण घरच्या जावयाला प्रश्न विचारायचा नसतो, त्याला जेवायला वाढायचे असते.

भावजींचा बेत असा: ओल बाहेर काढायला शाळेभोवती हातभर खोल चर खणायचा. त्याला आतून गणपतीच्याच मातीचा लेप द्यायचा, म्हणजे पाणी वाटेत भरकटणार नाही. तळाला नारळाएवढे दगड, त्यावर सुपारीएवढे, वर कुळथाएवढी खडी; हेच ते ग्रेडिंग. चराचे तोंड माडाच्या पोखरलेल्या खोडातून, खाडीकाठचा बांध फोडून, थेट खाडीत. कागदावर हे फार सुंदर दिसत होते.

देवबागला दगड नाही. खडी कट्टा गावाहून गाडीने काठापर्यंत आणि पुढे होडीने आली. होडीवाल्याने दोनदा विचारले, "नुसते दगडच मां? आत काय लपयलास नाय मां?" मग ती चाळायला वाडीतल्या सगळ्या चाळणी गोळा झाल्या. शेजारच्या हौसाबाईंची चाळण परत गेली तेव्हा तिला सुपारीएवढे भोक होते.

"आता हेतूसून पीठ नाय, पोर पडतला!" हौसाबाई म्हणाल्या.

सकाळी खणलेला चर दुपारी वाळूने भरलेला असे. "बाजूंना फळ्या हव्यात," म्हणून भावजींनी शाळेत नजर फिरवली.

"भावजीनू, ते लोकांचे पाट!"

"वाळू बसेपर्यंत. पंधरा दिवस. लाकडाला काय कळतंय?"

एकतीस पाट चरात उभे राहिले आणि एकतीस गणपती गोणपाटावर, जमिनीलगत बसले.

चाचणीसाठी भावजींनी खडीवर घागरभर पाणी ओतले. ते दिसेनासे झाले. भावजींनी सगळ्यांकडे पाहिले. हौसाबाईंनी दुसरी घागर शेजारच्या वाळूवर ओतली. तेही दिसेनासे झाले. भावजींनी हौसाबाईंकडे पाहायचे टाळले.

मग शेतकरी बाबली आपला गणपती कुठवर आला ते बघायला आला.

"गुरुदासा, आमचो पाट खंय आसा?"

गुरुदासने चराकडे बोट दाखवले.

"थंय कित्याक?"

"वाळू बसासर."

"मेल्या, माज्या आज्याचो पाट तो! तेच्यार गणपती बसता, वाळू नाय!"

श्रावणी अमावास्येला, भरदुपारी, सगळे पानावर बसलेले असताना उधाण आले. दरवर्षी ते बांधाशी थांबे. यंदा त्याला वाट काढून दिलेली होती. खाडी खोडातून चरात आली, नारळाएवढ्या दगडांतून सुपारीएवढ्यात, सुपारीएवढ्यातून कुळथाएवढ्यात चढली, आणि शाळेत शिरली. इतके नितळ पाणी देवबागेत कोणी पाहिले नव्हते.

"गाळप उत्तम झालंय," भावजी वाकून म्हणाले.

"भावजीनू, गणपती विरघळतत!"

"बाप्पा चार दिस आदीच गावाक निगालो गो!" हौसाबाई कुंपणावरून ओरडल्या. त्या आरडाओरड्याने वाडी धावली. "पाट काडा रे!" बाबलीने पहिला आपला पाट ओढला, मग ज्याने त्याने आपापला. पाट निघाला तशी वाळू आत कोसळली. वाट बंद झाली, पाणी अडले, आणि तीन जातींची खडी कसलाही भेद न ठेवता एकाच वाळूत नाहीशी झाली. गणपती उचलून पाटांवर ठेवले.

गुरुदासने पुढचे तीन दिवस हातची माती धुतली नाही. त्या साली वाडीतला प्रत्येक गणपती बोटभर बुटका होता. उंदीर तर मुळातच विरघळले होते. ते एकतीसच्या एकतीस घाईत नवे झाले.

"माजो उंदीर मांजरासारखो दिसता," बाबली गणपती डोक्यावर घेता घेता म्हणाला. पण घेऊन गेला. एकही पाट रिकामा गेला नाही.

रिकाम्या शाळेत गुरुदास खाली बसला. बाकीची जमीन सुकली होती, कोपरा मात्र ओला होता.

"बघितलंस?" भावजी म्हणाले. "भूगर्भ!"

सावित्री केर काढायला आली होती. तिने रांजण कलता केला. बुडाला वीतभर चीर होती.

"हो पाझरता," ती नवऱ्याला म्हणाली.

"कदीपासून?"

"झाली तीन वर्सां."

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

"आदी कोणी इचारल्यान नाय, मगे भावजींचो भूगर्भ चललो होतो. मदी कोण बोलतला?"

गुरुदासने रांजण उचलून अंगणात नेऊन ठेवला. दुपारपर्यंत कोपरा सुकला.