फ्रिजवरचा तक्ता

छत्तीस वर्षं मी बॅलरॅट स्टेशनच्या सिग्नल केबिनमध्ये काढली आणि एकदाही गाडी चुकीच्या रुळावर घातली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर तुमचा त्यावर विश्वास बसणार नाही.

मी डेस. बायको नोलीन, मुलगा रोवन. रोवन सव्वीस वर्षांचा. जन्मापासून त्याचे हातपाय त्याचं ऐकत नाहीत आणि बोलणं सावकाश येतं. डोकं मात्र असं, की आमच्या दोघांच्या डोक्यांची बेरीज केली तरी कमी पडावी. त्याला पलंगावरून उठवणं, आंघोळ घालणं, चाकाच्या खुर्चीत बसवणं हे सगळं दुसऱ्याला करावं लागतं. बहुतेक वेळा तो दुसरा म्हणजे मी.

गेल्या वर्षी रोवनने जाहीर केलं, "मला वेगळं राहायचंय." नोलीन रडली. मी शेडमध्ये जाऊन कारण नसताना करवतीला धार लावली. मग दोघेही कामाला लागलो. आमच्या गल्लीच्या टोकाला एक लहानसा, बिनपायऱ्यांचा फ्लॅट रिकामा झाला होता आणि मालकीणबाईंनी तो महिनाअखेरपर्यंत राखून ठेवला होता. अट एकच. सरकारने रोवनच्या नव्या योजनेत सकाळ-संध्याकाळ मदतनिसाचे तास मंजूर करायला हवेत. नाही केले, तर फ्लॅट दुसऱ्याला आणि रोवन आमच्याच मागच्या खोलीत.

आता ही योजना म्हणजे काय, तर सरकार अपंग माणसाच्या मदतीसाठी पैसे ठेवतं, पण ते पोचवायला मध्ये चार जण असतात. मी म्हटलं, चारच ना? मी एका वेळी सिग्नलचे अठ्ठावीस खटके सांभाळलेत. पुठ्ठ्यावर तक्ता काढला आणि फ्रिजवर चिकटवला. लाल म्हणजे प्लॅनर, सरकारी खात्याचा माणूस, किती तास द्यायचे ते ठरवणारा. हिरवा म्हणजे को-ऑर्डिनेटर, मिळालेल्या तासांना माणसं शोधून देणारी. निळा म्हणजे प्लॅन मॅनेजर, बिलं चुकती करणारी. पिवळा म्हणजे मदतनीस, प्रत्यक्ष घरी येऊन हात लावणारा.

"आता कोणी चुकून दाखवा," मी म्हणालो.

तीन दिवसांत मी प्लॅन मॅनेजरला फोन करून सकाळचा मदतनीस मागितला, को-ऑर्डिनेटरला गादीचं बिल पाठवलं आणि मदतनिसाला तास वाढवून मागितले. तो बिचारा म्हणाला, "डेस, मला माझेच तास कोणी वाढवून देत नाही."

यात माझा एकट्याचा दोष नाही. आमच्या देशात कोणी हुद्दा सांगत नाही. मोठ्यातला मोठा साहेब दारात उभा राहून "मी ब्रूस" म्हणतो आणि सरळ चहाची किटली लावतो. त्यात सगळ्यांच्या गळ्यात सारखीच ओळखपत्रं आणि त्यांवरची अक्षरं मुंगीएवढी. सिग्नलला निदान रंग तरी असतो.

शेवटी प्लॅनरच्या भेटीचा दिवस ठरला. मंगळवार, सकाळी दहा, आमच्या घरी. आदल्या दिवशी प्रूचा, म्हणजे आमच्या को-ऑर्डिनेटरचा, फोन आला.

"डेस, एक गोष्ट लक्षात ठेवा. प्लॅनरने 'कसं चाललंय' विचारलं तर 'तक्रार नाही' म्हणायचं नाही."

"मग काय म्हणायचं?"

"खरं सांगायचं. सगळ्यात वाईट दिवस सांगायचा. तुम्ही सगळं निभावून नेता असं वाटलं, तर ते तास देणारच नाहीत. आणि हो, नवीन मदतनीसही उद्या सकाळी रोवनला भेटून जाईल. तरुण मुलगा आहे."

ती सांगते ते किती अवघड, हे तुम्हाला आमच्या गावात राहिल्याशिवाय कळणार नाही. इथे "कसं चाललंय" याला एकच उत्तर असतं. शेजारच्या मर्व्हचा पाय ट्रॅक्टरखाली आला, तेव्हा अँब्युलन्सवाल्याने विचारलं, "कसं काय मर्व्ह?" मर्व्ह म्हणाला, "तक्रार नाही. तुझं?" मी रात्री शेडमध्ये कुत्र्यासमोर बसून वाईट दिवस सांगायची तालीम केली. दोन वाक्यांत कुत्रं उठून गेलं.

मंगळवारी नोलीन हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला निघाली. दहापर्यंत सुटी काढून येणार होती. जाताना तिने बजावलं, "डब्यात खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक केलेत. ते प्लॅनरला. बाकीच्यांना दुकानातली बिस्किटं. आणि डेस, तक्ता बघ."

"बघितलाय," मी म्हणालो. तोंडपाठच होता तो.

साडेनऊला बेल वाजली. दारात पन्नाशीच्या एक बाई. निळा कोट, चष्मा, काखेत मोठी फाईल. फाईल बघूनच मी ओळखलं.

"मी ग्लेनिस. मी तुमची..."

"माहीत आहे, या, या!" मी त्यांना बसवलं, चहा दिला, लॅमिंग्टनचा डबा पुढे केला. त्या म्हणाल्या, "अहो, मी फक्त एवढं द्यायला..." मी म्हणालो, "आधी खा." त्यांनी एक खाल्ला आणि सहज विचारलं, "कसं चाललंय?"

जीभ "तक्रार..." पर्यंत गेली होती. मी ती दातांखाली धरली. मग म्हणालो, "वाईट चाललंय."

आणि एकदा हे म्हटल्यावर बांधच फुटला. मी त्यांना मागच्या हिवाळ्यातलं सांगितलं. रोवनला न्हाणीघरातून उचलताना माझी पाठ धरली, पाय सरकला आणि आम्ही दोघेही ओल्या फरशीवर पडलो. मला उठता येईना आणि त्याला तर येतच नाही. पन्नास मिनिटं आम्ही तसेच पडून होतो. थंडीने तो कुडकुडत होता आणि माझी समजूत घालायला फुटबॉलच्या जुन्या मॅचेस आठवून सांगत होता. शेवटी कसाबसा सरपटत बाहेर आलो. नोलीनला मी सांगितलं, नळ दुरुस्त करत होतो. रोवननेही तेच सांगितलं.

"मी आता अडुसष्टचा आहे," मी म्हणालो. "मला भीती वाटते. पुढच्या वेळी मी पडलो आणि उठलोच नाही, तर तो किती वेळ तिथे पडून राहील?" हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. ग्लेनिसबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि दुसरा लॅमिंग्टन उचलला.

मला वाटलं, काम फत्ते. तास मिळाले.

तेवढ्यात पुन्हा बेल. दारात तिशीतला एक तरुण. हात काळे, शर्ट बाहेर आलेला, गुडघ्याला चिखल. "मी लॅकी. उशीर नाही ना झाला? वाटेत टायर फुटला. रोवन आहे?"

हा नवा मदतनीस. पिवळा. मी त्याला मोरी दाखवली, हात धुऊन घ्यायला सांगितलं आणि म्हणालो, "बरं झालं लवकर आलास. पोरगं अजून पलंगावरच आहे. उचलायचं मशीन रात्रभर चार्जिंगला लावायचं राहिलं. चल, पाय तू धर."

"मी? म्हणजे, मी खरं तर..."

"लाजू नकोस. सगळे पहिल्या दिवशी लाजतात."

रोवनच्या खोलीत गेलो. रोवनने लॅकीकडे पाहिलं, लॅकीने रोवनकडे. रोवनच्या चेहऱ्यावर एक हसू आलं. ते हसू मी ओळखायला हवं होतं. पत्त्यांत जिंकायच्या आधी तो तसाच हसतो.

"ये, लॅकी," रोवन सावकाश म्हणाला. "पाय... धर. घट्ट."

मी 'एक, दोन, तीन' म्हणालो आणि आम्ही उचललं. रोवन भरतो ऐंशी किलो. शिवाय त्याचे स्नायू मध्येच ताठ होतात, म्हणजे ऐंशी किलोचा दरवाजा उचलल्यासारखं. अर्ध्या वाटेत लॅकीच्या तोंडून असा आवाज निघाला, की बाहेर कुत्रं भुंकलं. खुर्चीत बसवून होईपर्यंत तो घामाने निथळला होता आणि भिंतीला टेकून एका हाताने कंबर चाचपत होता.

"हे... रोज करता तुम्ही?" त्याने विचारलं.

"दिवसातून सहा वेळा," मी छाती फुगवून म्हणालो. मदतनिसासमोर रडगाणं कशाला गायचं? नोकरीला घाबरून पळून गेला असता तो. "काही नाही रे त्यात. सवयीचं काम आहे. माझी पाठ म्हणजे रुळाखालचा स्लीपर."

"मग तुमचं एकंदर बरं चाललंय?"

"तक्रार नाही," मी म्हणालो. "आम्हाला खरं तर कोणाचीच गरज नाही."

त्याने खिशातून वही काढून काहीतरी लिहिलं. मला वाटलं, पोरगा मन लावून काम शिकतोय. खूश होऊन मी त्याला दुकानातलं बिस्किट दिलं.

दहाच्या ठोक्याला प्रू आली. दिवाणखान्यात येऊन तिने सगळ्यांवर नजर फिरवली. "अरे वा, लॅकी, ओळखी झाल्या वाटतं! डेस, हेच आपले प्लॅनर. आणि ग्लेनिस, प्लॅन मॅनेजर इथे कशा?"

"यांनी आमच्या ऑफिसात बुटांचा खोका ठेवला होता, बिलं म्हणून," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "त्यात कुत्र्याच्या लसीचा कागद आणि मासेमारीचा परवाना होता. तो परत द्यायला आले होते." त्यांच्या काखेतली फाईल म्हणजे माझाच खोका, पिशवीत घातलेला.

छत्तीस वर्षांत जे झालं नव्हतं ते माझ्या दिवाणखान्यात झालं. दोन्ही गाड्या चुकीच्या रुळावर. जिच्या हातात काही नाही तिच्यासमोर मी मन मोकळं केलं होतं आणि ज्याच्या हातात रोवनचं घर होतं त्याला सांगितलं होतं, की आम्हाला कोणाचीच गरज नाही. ते त्याने लिहूनही घेतलं होतं.

मी खाली बसलो. "ते खोडा," मी म्हणालो. "वहीतलं. कृपा करून."

नेमकी तेव्हाच नोलीन दारातून आत आली. "काय खोडा?"

ग्लेनिसबाई हळूच म्हणाल्या, "डेस, मघाशी मला सांगितलंत ते माझ्याजवळ राहील. मी सांगणार नाही. पण तुम्ही सांगितलंत तर बरं."

मी रोवनकडे पाहिलं. तो म्हणाला, "सांग बाबा. फरशीचं."

मग मी सगळ्यांसमोर सांगितलं. या वेळी तालमीशिवाय, नोलीनच्या तोंडाकडे न बघता. ती पन्नास मिनिटं, तो नळ, ती भीती. सांगून झाल्यावर नोलीन माझ्याजवळ येऊन बसली आणि तिने माझा हात इतका जोरात दाबला, की तो राग होता की माया ते मला अजूनही कळलेलं नाही.

लॅकी कंबरेमागे उशी घेऊन ऐकत होता. "रोवन," तो म्हणाला, "योजना तुमची आहे. तुम्हाला काय सांगायचंय?"

रोवनने वेळ घेतला. आम्ही थांबलो. "मला... फ्लॅट हवाय," तो म्हणाला. "बाबा पडला... तर मी उचलू शकत नाही."

लॅकीने वहीतलं पान उलटलं आणि नव्याने लिहायला लागला.

सगळे गेल्यावर मी रोवनला विचारलं, "तो प्लॅनर आहे हे तुला माहीत होतं?"

"दोनदा... फोनवर बोललो होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"वजन... सांगून कळत नाही," रोवन म्हणाला. मग फ्रिजकडे बघत म्हणाला, "आणि तुझ्याकडे... तक्ता होता."

सकाळी येणारा खरा मदतनीस उशिरा, दुपारी आला. मी त्याला दारातच ओळखपत्र मागितलं आणि तीनदा वाचलं.

महिना संपायला चार दिवस असताना पत्र आलं. सकाळ-संध्याकाळचे सगळे तास मंजूर. नोलीनने ते मोठ्याने वाचलं, रोवनने खुर्ची गोल फिरवली आणि मी शेडमध्ये जाऊन पुन्हा करवतीला धार लावून आलो. परत आलो तर दोघं पत्राच्या दुसऱ्या पानावर डोकं घालून हसत होती. तिथे 'घरच्यांकडून मिळणारी मदत' या मथळ्याखाली दोन ओळी होत्या.

"आई: भक्कम आधार. वडील: मदतीला सदैव तयार, मात्र कोणीतरी लक्ष ठेवणं आवश्यक."

नोलीनने तक्ता काढून त्या जागी ते पान चिकटवलंय. आणि लॅमिंग्टन कोणी संपवले, हे ती अजून विचारतेय.