तीन नेत्र एका बिंदूस आणिल्याची हकीकत

सकळ जाणत्यांस विदित व्हावे की, पायदळाच्या बंदुकीवर बसवावयाच्या नव्या दुर्बिणीस नेत्र तीन: एक दिवसा पाहणारा कॅमेरा, दुसरा उष्णता पाहणारा, तिसरा अंतर मोजणारा लेझर. तिघांची नजर एका बिंदूवर न पडे तर शिपायाची गोळी भलतीकडे. ही कामगिरी राजमान्य चष्मेबहाद्दर अभियंते यांजकडे होती. खाशांस आपल्या अकलेचा भरवसा बहुत, आणि तो बाळगणारे प्रयोगशाळेत ते एकटेच.

प्रयोगशाळेच्या मुख्य बाईसाहेबांचा हुकूम आला की, दुपारी लष्कराचे लोक पाहणीस येतील, तोवर नेत्र न जुळल्यास काम शेजारच्या विभागाकडे जाईल. मग खाशांनी नेम धरावयास तापत्या पत्र्याचे निशाण उभे केले, आणि दालनाच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या माथ्यावर आपला चहा ऊब राखण्यास ठेविला, आणि संगणकास फर्माविले की उष्ण आकृतीचा मध्य धरावा, आणि तिन्ही नेत्र तेथे आणिले. मग उठून विजयाचा घोट घेतला, तो उष्णनेत्र खाली घसरला. पुन्हा जुळविले, चहा जागी ठेविला, तो वर चढला.

खाशांनी फितुरीचा संशय धरिला. उष्णनेत्र ज्यांनी घडविला त्या सहकारी ताई शेजारीच बसत. त्यांस या कामावरून दूर करावे, असा अर्ज खाशांनी बाईसाहेबांकडे तत्काळ रवाना केला आणि वर सुनाविले, "ताई, तुमचा कॅमेराच धड नाही."

ताईंनी दोन वर्षे त्या कॅमेऱ्यावर डोळे शिणविले होते. त्यांस फार लागले. "बरं, मी जाते. पण आधी चहा पिते, तुमचाच," म्हणोन त्यांनी निशाणावरला कप उचलिला, आणि पडद्यावर उष्णतेचा लाल डाग निशाण सोडून निघाला आणि थेट ताईंच्या तोंडास लागला. दोघेही पडद्याकडे पाहतच राहिले. संगणक निशाणासंगे कपाचीही ऊब धरून मध्य काढीत होता, हे खाशांस तेव्हा उमगले.

मग कपाविना तिन्ही नेत्र जुळविले, ते हलले नाहीत. लष्कराचे लोक राजी जाहले. बाईसाहेबांनी फत्तेचे कारण पुसिले, तेव्हा खाशांनी मान खाली घालोन भर सभेत कबूल केले की, कॅमेरा खरा होता, चहा माझा होता, अर्ज परत घेतो.

येणेप्रमाणे मोहीम सर झाली, हे दप्तरी नमूद असे. तीन नेत्र जेवणापूर्वीच जुळले. ताईंच्या नजरेस नजर देणे मात्र खाशांस त्या दिवशी साधले नाही. दुसरे दिवशी दोन कप चहा घेऊन गेले, तेव्हा साधले.