मास्तरांचा मशीनपट

चाळीस वर्षं लोकांच्या पँटी शिवल्यावर मास्तरांना एकसष्टाव्या वर्षी माहितीपट काढायची हुक्की आली. विषय ठरलेला होता, आपलं शिलाई मशीन. मुलीने जुना फोन दिला आणि माहितीपट करणाऱ्यांच्या एका ऑनलाइन कट्ट्यावर त्यांचं खातं उघडून दिलं. तिथे धडे फुकट, संगीत फुकट, आणि सल्ले तर मागाल त्याच्या दुप्पट.

"मशीनचा सिनेमा बघणार कोण?" बायकोने विचारलं.

"जगभरचे लोक बघतात. परवा एकाने कुलपावर केलाय, चौदा मिनिटांचा."

"बघू देत. मला मात्र त्यात घ्यायचं नाही, आत्ताच सांगून ठेवते."

मास्तरांना तरी कुठे घ्यायचं होतं? त्यांनी पुढच्या खोलीतल्या, म्हणजे दुकानातल्या फळीवर फोन टेकवला, मशीनच्या मागे उभे राहिले आणि गिऱ्हाइकांना ऐकवून ऐकवून घासलेलं वाक्य म्हटलं. "या मशीनवर शिवलेला एकही कपडा परत आलेला नाही. ज्या दिवशी येईल, त्या दिवशी दुकानाची पाटी मी स्वतः उतरवीन." हल्ली दोन वर्षं सुईत दोरा ओवताना त्यांची फे फे उडायची, तरी कपडा काही परत येत नव्हता. हात बसलाय आपला, असं म्हणून ते खूश असायचे.

कट्ट्यावरच्या तिसऱ्या धड्यात म्हटलं होतं की खरा क्षण आपण कॅमेरा बंद केल्यावर घडतो, म्हणून बंद करायची घाई करू नका. मास्तरांनी मुळीच घाई केली नाही. फोन तसाच ठेवून ते जेवले आणि आत जाऊन झोपले. उठून बघतात तो सिनेमा दीड तासाचा झालेला. कापड कमी पडण्यापेक्षा उरलेलं बरं, अशी आयुष्यभराची सवय. न बघताच त्यांनी ते अख्खं ठाण कट्ट्यावर चढवलं आणि खाली लिहिलं, 'कापड जास्त दिलं आहे. कापायचं तिथे खूण करा.'

सकाळी एकसष्ट उत्तरं आली होती.

'मशीन कापा, बाई ठेवा,' असं लांबशॉट नावाच्या माणसाने लिहिलं होतं. ध्वनीवेडी म्हणून कोणी होती, तिची हात जोडून विनंती होती की बाई शिवताना गुणगुणतात त्यावर कृपया संगीत घालू नये. तिसऱ्याने दुसरा भाग कधी, म्हणून विचारलं होतं.

मास्तर उखडले. 'माझ्या सिनेमात बाईच नाही,' त्यांनी एका बोटाने टाइप केलं.

'सदतिसावं मिनिट बघा, मास्तर,' लांबशॉटने कळवलं.

मास्तरांनी बघितलं. आतून त्यांच्याच घोरण्याचा आवाज येत होता. बायको पाय न वाजवता आली. खुंटीवरची पँट तिने खिडकीशी धरली आणि चुकचुकली. मग ब्लेडने वाकडी टीप उसवली, मशीनवर बसली आणि सरळ टीप मारली. एक झाली, दोन झाल्या, तीन झाल्या. शेवटी मशीनवर हात फिरवून म्हणाली, "तू काही बोलू नकोस हं त्यांना." पँटी होत्या तशा खुंटीला लागल्या.

मास्तरांना राग आला, लाज वाटली आणि भरूनही आलं, सगळं एकदमच. म्हणजे हात बसलेला होता तो हिचा. आता दिलेल्या शब्दाला जागायचं तर पाटी उतरवायला हवी. आणि पाटी उतरवली तर सकाळी उठून करायचं काय? शिवाय नवव्या धड्यात स्पष्ट लिहिलं होतं, सिनेमात जो दिसतो त्याची परवानगी घ्या. दुपारी पाटावर बसताना त्यांनी धीर केला.

"अगं, मी काय म्हणतो..."

"काय?"

"काही नाही. जेवण छान झालंय."

"अजून वाढलं नाही मी."

जेवून ते आत आडवे झाले, पण डोळे किलकिले ठेवून. दाराच्या फटीतून मशीन दिसत होतं. बायको आली, खुंटीवरची पँट काढली, खिडकीशी धरली.

"सोंग घेताना घोरायचं विसरू नये माणसाने," ती वळूनही न बघता म्हणाली.

मास्तर मुकाट्याने उठून बाहेर आले. "तुला माहीत होतं, फोन चालू होता ते?"

"लाल ठिपका दिसत होता की. माझे डोळे चांगले आहेत." तिने टीप उसवायला घेतली. "दोन वर्षं सांगीन सांगीन म्हणत होते. तोंडाने जमेना. म्हटलं, सिनेमात तरी बघतील."

"मग पाटी उतरवू?"

"कपडा परत आलाय एखादा?"

"नाही."

"झालं तर मग. आणि तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा मी बघितलाय तुमचा सिनेमा. माझं अर्धं डोकं कापलंय त्यात. फोन जरा वर ठेवत जा."

मास्तरांनी फोनखाली बटणांचे दोन डबे सरकवले आणि ठिपका लाल झाल्याची तिच्याकडूनच खात्री करून घेतली. मग स्टूल ओढून ते तिच्या शेजारी बसले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच सुई-दोरा उघडपणे तिच्यापुढे धरून म्हणाले, "एवढा ओवून दे."