पान एकशे बारा

"पंधरा दिवसांत तुझ्या बाबांची पाठ फूटपट्टीसारखी सरळ करून दाखवतो!" असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा ती कामावर निघण्याच्या घाईत डबा भरत होती. तिने मानही वर केली नाही.

"तुम्ही? कशाच्या जोरावर?"

कशाच्या जोरावर म्हणजे काय! मी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. लोकांच्या चुका शोधून काढणं हाच माझा धंदा. आणि गेले दोन महिने मी पाठ, आहार आणि व्यायाम या विषयावरचं अडीचशे पानांचं पुस्तक ओळीखाली पट्टी धरून तीनदा वाचलं होतं. लिहिणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी ते एकदाच लिहिलं होतं. मी तीनदा वाचलं! आता तुम्हीच सांगा, जास्त कुणाला कळणार?

सासरे आठवड्यापूर्वीच आमच्याकडे राहायला आले होते. बत्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. त्या नोकरीने त्यांना एक घड्याळ, एक शाल आणि प्रश्नचिन्हासारखी पाठ दिली होती. त्या प्रश्नचिन्हाचं मला उद्गारचिन्ह करायचं होतं.

पहिल्याच दिवशी मी त्यांची आरामखुर्ची काढून घेतली आणि बिनपाठीचं स्टूल दिलं. दुसऱ्या दिवशी साखर बंद. तिसऱ्या दिवशी दोन्ही वेळा उकडलेल्या भाज्या, आणि तासातासाला एक तांब्या पाणी!

"जावईबापू," ते चौथ्या दिवशी म्हणाले, "माझी पाठ दुखत होती हो. पोटाने काय तुमचं घोडं मारलंय?"

"बाबा, सगळं एकमेकांशी जोडलेलं असतं. पान चव्वेचाळीस."

"बरं," ते म्हणाले. संध्याकाळी त्यांच्या चष्म्याच्या डबीत मला तीन बिस्किटं सापडली. चष्मा उशीखाली होता! मी बिस्किटं जप्त केली. बाबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की सुट्ट्या पैशांवरून भांडणाऱ्या प्रवाशाला बत्तीस वर्षांत त्यांनी तसं पाहिलं नसेल.

पाचव्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकली. कारण कार्यक्रम मोठा होता. त्यांची गादी माळ्यावर टाकून त्यांना थेट फळीवर झोपवायचं होतं. बायको कामावर गेली आणि मी बाह्या सरसावल्या.

"अहो, मी एका बाजूने धरतो," सासरे म्हणाले.

"तुम्ही फक्त बघा! वजन उचलण्याचंही शास्त्र असतं. गुडघे ताठ ठेवायचे. असे. आणि कंबरेतून वाकायचं. असं. आणि मग एका झटक्यात..."

कट्!

गादीची शिवण उसवली असेल असं मला वाटलं. पण गादी शाबूत होती. उसवलो मी होतो! नव्वद अंशांचा काटकोन. डोकं खाली, हात लोंबकळत, आणि डोळ्यांसमोर सासऱ्यांचे दोन पाय.

"शास्त्र झालं का?" त्या पायांनी विचारलं.

"बाबा... मला... वर येता येत नाहीये."

पुढची पाच मिनिटं त्यांनी माझ्यावर जे उपचार केले, ते बंद पडलेल्या बसवर करतात तसे होते. आधी मागून ढकललं. मग पुढून ओढलं. शेवटी "इंजिनातच बिघाड आहे" असा निर्णय देऊन त्यांनी मला भिंतीला टेकवून उभं केलं. उभं म्हणजे आपलं म्हणायचं!

"डॉक्टरांना बोलवू?"

"पुस्तकवाल्या बाईंना बोलवा," मी कण्हलो. "त्या फिजिओथेरपिस्ट आहेत, दवाखाना पलीकडच्याच गल्लीत आहे. टेबलावर प्रुफं आहेत ना, त्यांवर नंबर आहे."

डॉक्टरीणबाई वीस मिनिटांत आल्या. त्यांनी मला हळूच कुशीवर निजवलं, पाय हलवून पाहिले, कुठे बधिर वाटतंय का, मुंग्या येताहेत का, लघवीला त्रास आहे का, सगळं विचारलं. त्यातलं काहीच नव्हतं.

"स्नायू धरलाय. बरा होईल. पण इतकी अवजड गादी, गुडघे ताठ ठेवून? कुठल्या शहाण्याने सांगितलं तुम्हाला?"

आता आली का पंचाईत! बाईंना कसं सांगणार? पण सत्य ते सत्य.

"तुम्हीच! पान एकशे बारा."

"मी?" त्यांनी टेबलावरचं शेवटचं प्रुफ ओढलं, पान काढलं, आणि मोठ्याने वाचलं, "'वजन उचलताना गुडघे ताठ ठेवावेत आणि कंबर वाकवावी.' अहो, मी बरोबर उलटं लिहिलं होतं! कंबर ताठ, गुडघे वाकवावेत, वस्तू अंगाजवळ धरावी! हा शब्दांचा खांदेपालट कुणी केला?"

सासऱ्यांनी दुसरं प्रुफ उचललं. त्यात त्याच ओळीवर लाल शाईने, ठसठशीतपणे, दोन शब्दांच्या जागा बदलण्याची खूण होती. शेजारी सही. माझी!

मला सगळं आठवलं. त्या दिवशी जेवण जड झालं होतं आणि ती ओळ मला जरा विचित्र वाटली होती. सगळं जग कंबरेतून वाकतं, मग बाई गुडघ्यातून का वाकायला सांगतायत? लिहिताना चुकल्या असतील, बिचाऱ्या. म्हणून मी ती ओळ "सुधारली" होती.

डॉक्टरीणबाई अतिशय सावकाश म्हणाल्या, "हे छापायला कधी जाणार आहे?"

मी घड्याळाकडे पाहिलं. आडवं दिसत होतं, पण साडेअकरा वाजले होते.

"सातवा फर्मा... पान सत्त्याण्णव ते एकशे बारा... आज... बारा वाजता मशीनवर चढतोय. तीन हजार प्रती."

"तीन हजार पाठी!" बाई ओरडल्या.

सासऱ्यांनी छापखान्यात फोन लावला. वाजत राहिला. वाजणारच. मालक बाहेरगावी, ते दुपारी येणार, आणि मशीन चालवणारे मशीनतात्या मशीन चालू असताना तोफही ऐकत नाहीत.

"चिठ्ठी द्या, मी नेतो," सासरे म्हणाले.

"तात्या चिठ्ठीवर मशीन थांबवत नाहीत. मी समोर लागतो."

"मग जा ना!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंथरुणाला खिळून राहणं हा पाठीवरचा उपाय नाहीच. हळूहळू, दम घेत, सोसेल तेवढं चालायचं. पान सतरा. का तेही सुधारलंत?"

आणि निघाली वरात! मी अर्धा वाकलेला, सासऱ्यांचा हात माझ्या दंडाला.

"डावीकडे घ्या. पुढे खड्डा. स्पीड कमी. आता सरळ. मागून रिक्षा येतेय, कडेला दाबा."

मला माणसांची तोंडं दिसत नव्हती, नुसते पाय दिसत होते. कोपऱ्यावर शिंप्याच्या चपला थांबल्या.

"काय, वडिलांना फिरायला आणलंत वाटतं?" चपला म्हणाल्या. सासऱ्यांना!

मला वाटलं, आता हे सांगतील. पण सासरे अगदी गंभीरपणे उत्तरले, "हो ना. फार हट्टी आहेत. खाण्यापिण्याची पथ्यं काही पाळत नाहीत."

पाचशे पावलांच्या वाटेला आम्हाला अर्धा तास लागला. छापखान्याच्या दारातच मशीनची धडधड ऐकू आली आणि माझं काळीज तिच्या तालात धडधडू लागलं.

"तात्या! थांबवा!"

तात्यांनी पाहिलं. मशीन थांबलं. तात्याही एक हात कमरेवर ठेवून आले.

"बरं झालं आलात. तुमच्या त्या पुस्तकात काय भलतंच लिहिलंय हो! मघाशी छापून आलेलं वाचलं आणि कागदाचं रीम तसंच उचललं. तेव्हापासून कमरेत चमक भरलीये."

सासरे आधी माझ्याकडे, मग तात्यांकडे बघून खो खो हसायला लागले. हसता हसता त्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवून अंग मागे ताणलं, आणि काय सांगू, सगळ्यांत ताठ तेच उभे होते! अर्धा तास मला ओढत आणल्याने त्यांचा आठवडाभराचा आखडलेपणा सुटला होता.

चारशे कागद रद्दीत गेले. बाकीचे वाचले. तेवढ्यात मालक आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा मशीनच्या लाल बटणासारखा झाला.

"लेखिकेचा मजकूर बदललात? न विचारता? नोकरीवरून..." आणि ते मधेच थांबले. डोकं तिरकं करून माझ्याकडे बघू लागले. मग खिशातून मोबाईल काढला.

"हलू नका!"

"साहेब, हलता आलं असतं तर..."

खचाक!

डॉक्टरीणबाईंना म्हणे एका पानासाठी चित्र हवं होतं आणि मनासारखं मिळत नव्हतं. त्या फोटोवर माझी नोकरी वाचली. पाठही महिनाभरात सुधारली, रोज सकाळी सासऱ्यांबरोबर चालून. खुर्ची त्यांना परत दिली, गादी जागेवर आली, आणि दिवसाला दोन बिस्किटांची परवानगी बाईंनी स्वतः दिली.

फोटोच्या पानाचं प्रुफ परवा रीतसर माझ्याच टेबलावर आलं. खाली ओळ होती: "चुकीच्या पद्धतीने वजन उचलल्यामुळे जखडलेला रुग्ण, वय अंदाजे पासष्ट."

पासष्ट! मी त्रेचाळीसचा आहे! ताबडतोब लाल पेन उचललं. तेवढ्यात समासातलं डॉक्टरीणबाईंचं अक्षर दिसलं: "मुद्रितशोधकाने या पानावरील एकही शब्द बदलू नये."

मी पेन खाली ठेवलं, गुडघ्यांतून वाकून खुर्चीत बसलो आणि निमूट सही केली.