विहिरीपुढचं घर

डबा समुद्रात गेल्याचं हिरामणला नारळी पौर्णिमेनंतरच्या पाचव्या दिवशी कळलं, आणि तेही आनंदाची बातमी म्हणून. त्याचा पुतण्या दिपेश मोसमातली पहिली खेप करून रेवदंड्याच्या बंदरावर उतरला तो थेट घरी आला. एका हातात पापलेटांची पिशवी, दुसऱ्या हातात नारळाची अर्धी वाटी. मागे त्याचा खलाशी रंगू, मान खाली घालून.

"काका, आधी खोबरं खा," दिपेश म्हणाला. "काकी सुटली."

"कुठनं सुटली?"

"आपल्या बोटीतनं. मशीनमधनं बोलाया लागली. मंग नारळ फोडला, हळदकुंकू वाह्यलं नि दर्याला दिली."

"काय दिलं दर्याला?"

"मशीन."

हिरामण उठून दाराआड गेला. तिथे दोन गाठोडी असायची. आता एकच होतं. त्याने सुरीने त्याची दोरी कापली. आतून बोटीचा नवाकोरा फिश फाइंडर निघाला, पाण्याखालची मासळी पडद्यावर दाखवणारा.

म्हणजे दिपेशने दुसरं गाठोडं नेलं होतं.

दर्यात गेलेला डबा कसला, हे बंदरावर कोणालाच माहीत नव्हतं. हिरामणची मुलगी जागृती नवी मुंबईत गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. कंपनी एक भुताचा गेम करत होती. बुडालेलं गाव, अंधार, पाण्यातून येणारे हात, आणि खेळणाऱ्याने जीव वाचवत शेवटच्या घरापर्यंत पोचायचं. घरात एक म्हातारी. तिच्या आवाजासाठी कंपनीने चार नट्या आणल्या, पण कोणीच घाबरेना. मग जागृतीने आपल्या आईचा, केसरचा, आवाज रेकॉर्ड करून नेला. केसरने वीस वर्षं बंदरावर मासळीचा लिलाव केला होता. तिला उलट उत्तर देणारा खलाशी अजून जन्माला यायचा होता. कंपनीत सगळे घाबरले.

पण आदल्या वर्षी कंपनीने तो गेम अर्ध्यावरच बंद केला. त्याच पावसाळ्यात केसर आठ दिवसांच्या तापाने गेली. जागृतीने साहेबांच्या हातापाया पडून गेम भरलेला चाचणीचा एक डबा मागून आणला. बाकी सगळं कंपनीने पुसून टाकलं. डब्यावर नाव नाही, चित्र नाही. नुसता काळा, मागे वायर, पुढे बटणांचं हँडल.

"बाबा, विहीर ओलांडलीस की घर येतं," तिने शिकवलं होतं. "घरात आई तुझ्याशी बोलते. तिनं मुद्दाम तुझ्यासाठी एक वाक्य घातलंय. साहेबांना पण सांगितलं न्हाय."

"काय बोलते?"

"ते तिनं सांगू न्हाय दिलं. म्हणाली, त्यांना येऊ दे माझ्यापर्यंत चालत. जन्मभर मीच बंदरावर हाका मारत फिरले."

हिरामण दर रविवारी दुपारी डबा टीव्हीला लावून खेळायला बसायचा. विहिरीपाशी केसरचा लांबून आवाज यायचा, "कोण हाय रं तिकडं? पाय धुवून ये मेल्या!" तेवढ्यात विहिरीतून हात यायचा आणि हिरामण मरायचा. मग तो डबा बंद करायचा. खाऱ्या हवेने विजेच्या वस्तू सडतात, म्हणून बोटीचं सामान बांधतात तसाच बांधायचा. दोन पिशव्या, वरून ट्रकची जुनी ट्यूब, दोन्ही टोकांना जाळ्याच्या दोरीची गाठ. फिश फाइंडर आला तेव्हा तोही त्याने तसाच बांधून शेजारी ठेवला. खेपेच्या दिवशी तो मुरुडला बहिणीकडे होता. दिपेशचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "दाराआडचं गाठोडं ने." कोणतं, ते सांगितलं नाही.

"पण तुला कळलं न्हाय, फिश फाइंडर असा नसतो?" त्याने आता विचारलं.

"मला वाटलं नवीन मॉडेल," दिपेश म्हणाला. "पाण्यात सोडायची वायर दिसली न्हाय, तर म्हटलं ही बिनवायरची. बोटीतल्या टीव्हीला लावली. काळं पाणी दिसलं, आत कायतरी वळवळत व्हतं. म्हटलं मासळी."

"आणि?"

"जाळं टाकलं. पापलेट लागलं ना काका! तीन वर्सांत एवढं न्हाय लागलं."

हिरामणने पिशवीकडे बघितलं. पापलेट खरंच मोठे होते.

"मंग रंगू म्हणाला, हँडल पुढं दाबलं की मशीन खोल बघते. दाबत बसला. पुढं विहीर आली."

"विहीर?" हिरामण रंगूकडे वळला. "विहीर ओलांडलीस तू?"

"चुकून हो," रंगू म्हणाला. "हात वर आला नि मी घाबरून हँडल सोडलं. हात परत आत गेला. मंग गेलो पुढं."

"सोडायचंच असतं," हिरामण हळूच म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान फिरवली. विहिरीपाशी हँडल सोडायचं असतं हे त्याला गेल्या शिमग्यालाच कळलं होतं. पण एकदा घरात गेलं, ऐकलं, की पुढे ऐकायला काही उरणार नव्हतं. म्हणून तो दर रविवारी हँडल दाबून धरायचा आणि मरायचा. पुढच्या रविवारी जाऊ, म्हणायचा.

"घरात काय झालं?"

"दार उघडलं," रंगू म्हणाला. "आत चूल पेटलेली. काकी दिसली न्हाय, आवाज आला. भर दुपारी, काका! समद्यांनी वळखला. सुकाणूवरल्या तांडेलाच्या हातनं चहा सांडला."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, 'आलात का? बसा जरा. अवो, ऐकता का...'"

"पुढं?"

रंगूने दिपेशकडे बोट दाखवलं. "पुढं ह्यानं वायर खेचली."

"मी काय करणार?" दिपेश रडवेला झाला. "काकीचा जीव अडकलाय वाटलं. चांगलं म्हणून केलं, काका. माजा नवा गमछा बी गुंडाळला तिला."

आपण त्याच्या जागी असतो तर आपणही नारळच फोडला असता, असं हिरामणला वाटलं. त्याने खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला.

संध्याकाळी त्याने जागृतीला फोन लावला. सगळं ऐकून ती आधी हसली, मग रडली, मग नाक पुसून म्हणाली, "बाबा, आता आईची अट राहिली न्हाय. मला पाठ हाय ते वाक्य. सांगू?"

"थांब," हिरामण म्हणाला. "चुलीवर कालवण हाय. उतू जाईल."

"तुझ्याकडे चूल कधीपासनं?"

त्याने फोन ठेवला. पापलेट पिशवीतच होते.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. जागृती दर रविवारी फोन करते, जेवलास का विचारते आणि फोन धरून थांबते. हिरामण हवापाण्याचं बोलतो आणि फोन ठेवतो. केसर पुढे काय म्हणाली, हे त्याने अजून विचारलेलं नाही.