सुभेदारांच्या लेखी गडी

आमच्या गल्लीत छत्री उघडायची ती सुभेदारांच्या घरावरून पुढे गेल्यावरच. भर पावसातसुद्धा. अलीकडे उघडलीत की ओसरीवरून आवाज येतो, "मास्तर, मिठाचं अंग हाय व्हय? इरघळतंय?"

समस्त पुरुषांमध्ये गडी कोण आणि कोण नाही, हे ठरवायचं काम निवृत्त सुभेदार बाजीरावांनी आपण होऊन अंगावर घेतलं आहे. चहात साखर कमी घेणारा गडी नव्हे. फोन ठेवताना बायकोला 'लव्ह यू' म्हणणारा तर नव्हेच. स्ट्रॉबेरी हे फळ गड्यानं खायचं नाही. "खायाचं तर ऊस खावा, दातानं सोलून." एकदा ते भर आषाढात छत्रीशिवाय महाबळेश्वरला जाऊन आले आणि आठवडाभर तापानं फणफणले. मी विचारपूस करायला गेलो, तर गोधडीतून म्हणाले, "ताप सोसायला बी गडी लागतोय."

माझा निकाल तर कधीच लागला आहे. मला स्कूटर चालवता येत नाही. बायको बँकेत जाता जाता मला शाळेत सोडते. तिच्या मागे बसलेला मी पहिल्यांदा दिसलो, तेव्हा सुभेदारांनी रस्त्यात आडवं येऊन स्कूटर थांबवली. "उतरा खाली. चालत जावा, पर इज्जतीत जावा." मी उतरलो नाही. तेव्हापासून मी दिसलो की ते नुसता मिशीवरून हात फिरवतात. मला राग यायचा. खरं सांगायचं तर गंमतही वाटायची.

त्यांची बायको वारली आहे. घरात ते आणि मुलगी मनीषा. ही मनीषा रोज सकाळी अजिंक्यताऱ्याचा चढ पळत चढायची आणि सुभेदार मागून सायकल रेटत, धापा टाकत तिच्यावर ओरडायचे. यंदा ती लष्करात भरती झाली. सुभेदारांनी गल्लीभर कंदी पेढे वाटले. "पोरगी न्हाई, गडी हाय गडी!"

"आबा, पोरगी आहे म्हणा की. पोरगी असून काय बिघडलं?" माझी बायको म्हणाली.

सुभेदारांनी पेढा हातात धरून बराच विचार केला. "ते बी खरंच हाय," म्हणाले. मी त्यांना माघार घेताना प्रथमच पाहत होतो.

आमच्या भागात फौजेत निघालेल्या माणसाला घरची सुवासिनी दारात ओवाळते. मनीषा निघायच्या दिवशी त्या घरात ओवाळायला बाईच नव्हती, म्हणून माझी बायको ताट घेऊन गेली. सुभेदारांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"वैनी, राग मानू नगा. घरच्या मानसानं ववाळायचं असतंय."

"आवं, बाप्या कवा ववाळतोय व्हय?" शेजारच्या म्हाताऱ्या काकू कळवळल्या.

"आजपास्नं."

टिळा लावताना त्यांनी अंगठा असा दाबला की मनीषाचं डोकं मागे गेलं. निम्म्या अक्षता माझ्या अंगावर पडल्या. ताट फिरवायला लागले, तर उलट्या बाजूनं. "आबा, इकडनं," मनीषा हळूच म्हणाली. त्यांनी बाजू बदलली. निरांजन ताटात सरकत होतं. कोणी हसलं नाही.

रिक्षा निघाली. मनीषा ताठ बसली होती, समोर बघत. रिक्षा कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. गल्ली पांगली, तरी सुभेदार ताट घेऊन दारातच उभे.

"मास्तर, वळून न्हाई बघितलं तिनं."

"तुमचीच मुलगी," मी म्हणालो.

"व्हय. मी बी कवा बघितलं न्हाई. सुट्टी संपली की आमची ही असंच ताट घिऊन हितं हुभी ऱ्हायाची. मला वाटायचं, जायाचं तेच अवघड. हितं हुभं ऱ्हायाला किती दम लागतोय, ते आज कळलं बगा."

मी ताट घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ते सोडलं नाही.